भावजी, धनी उचला

भावजी, तलवार मी देऊन टाकली. मागच्या रविवारी. तुम्हाला विचारायची सोय नव्हती, आणि असती तरी विचारलं नसतं.

तेराव्यापर्यंत दारात येणारी माणसं तुमच्याबद्दल बोलत होती. चौदाव्या दिवसापासून ती तलवारीबद्दल विचारायला लागली. मुकुंदवाडीहून रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आले. तुमच्या कादंबरीचे अकराही भाग त्यांना पाठ. ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणाले, "आज्जी, बाराव्या भागात सत्यजिव्हेचं काय होणार व्हतं? साहेब तुमच्यापाशी काही बोलले असतील."

मी म्हटलं, "बोलले ना. बाराव्यात सांगतो, असं अकरा भाग बोलत होते."

ते हसले. मला हसू आलं नाही.

वाचनालयवाले तुमच्यावर अंक काढतायत. मला म्हणाले, गोड आठवणी लिहा. माझी चौथी झालेली. गोड लिहायला त्याहून जास्त शिकावं लागत असेल. मी जे झालं ते लिहिते. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

तुमच्या वाचकांना सत्यजिव्हा माहीत आहे. मेघगिरीच्या राजघराण्यातली तलवार. विजेच्या लोळातून घडलेली, स्वतःचा धनी स्वतः निवडणारी, खोटं बोलणाऱ्याच्या हातात दगडासारखी जड होणारी. पोरं तुमची पुस्तकं वाचून काठ्या घेऊन नाचायची आणि जो हरेल त्याला म्हणायची, तुझी जड झाली. पण ती तलवार कुठली, हे तुम्ही एकाही प्रस्तावनेत लिहिलं नाहीत. ती आपल्या पडेगावच्या घरातल्या देवघराच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्याशी माझं लग्न लागलं होतं. तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांना नसेल म्हणून लिहिते.

आपल्या घरात ही जुनी चाल होती. नवरा मुलगा लढाईवर असला किंवा अंथरुणाला खिळलेला असला तर त्याची तलवार पाठवायची. तिला खांडा म्हणायचं. मुलीनं खांड्याला माळ घातली की लग्न लागलं. पोलिस ॲक्शन होऊन दुसरा उन्हाळा चालू होता. लढाई कुठं नव्हती. हत्यारं ठाण्यात जमा करा म्हणून दवंडी पिटून झाली होती. मामंजींनी एक मोडका भाला जमा केला आणि तलवार कडब्याच्या गंजीत लपवली. लग्नाला ती तिथूनच निघाली. मुठीत कडब्याच्या काड्या तशाच होत्या. माझा नवरा असा गंजीतून निघालेला.

तुमचे थोरले भाऊ तापानं फणफणलेत, असं आम्हाला सांगितलं होतं. म्हणून तलवार घेऊन तुम्ही आलात. मी पंधरा वर्षांची, तुम्ही अठराचे. अंतरपाटाखालून मला तुमचे पाय दिसत होते. उजव्या पायाचा अंगठा तुम्ही जमिनीत रुतवून धरला होता. तिसऱ्या मंगलाष्टकाला तुमचा हात खाली आला आणि तलवारीचं टोक पाटावर खाडकन आपटलं. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाला चक्कर आली, लिंबू आणा रे!" सगळा मांडव हसला. माझे वडील मागून म्हणाले, "गुरुजी, उरका लवकर, जावई उपाशी दिसतोय."

अंतरपाट बाजूला झाला तेव्हा तुमचं तोंड पांढरं फटक पडलं होतं. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मला तुमचीच दया आली. ही दया मी पंचेचाळीस वर्षं बाळगली. त्याचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतो.

सासरी आले तर आजारी नवरा घरात नाहीच. सासूबाई म्हणाल्या, हैदराबादला दवाखान्यात नेलंय. महिन्यानं म्हणाल्या, तिकडंच नोकरी लागली. ताप उतरून नोकरी लागलेला मी ऐकलेला तो पहिला माणूस.

वर्ष होत आलं तसे माझे वडील आले. बैठकीत बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी दारामागं उभी. त्यांनी तुमच्या आईला विचारलं नाही, मामंजींना विचारलं नाही. तुम्हाला विचारलं.

"पोरा, तू सांग. तुझा भाऊ येणार हाय का नाय? तू शिकलेला हाईस, तू खोटं बोलणार नाईस."

तुम्ही म्हणालात, "येणार हाईत, तात्या. कालच पत्र आलंय."

आत जाऊन तुम्ही एक कागद आणलात आणि वाचून दाखवलात. दिवाळीला येतो. तब्येत बरी आहे. तिला म्हणावं, काळजी करू नकोस, वाट बघ. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले, पाणी प्यायले आणि निघून गेले. आमच्यात पाट लागत होता, म्हणजे बाईचं दुसरं लग्न होत होतं. त्यांनी माझ्यासाठी एक घर बघून ठेवलं होतं, मुलगा शेती करणारा, बायको वारलेला. हे मला आईनं पुढं कित्येक वर्षांनी सांगितलं. एका शब्दाचं काम होतं. तुम्ही "नाय" म्हणाला असता तर त्याच संध्याकाळी मी बोचकं घेऊन वडिलांच्या मागं निघाले असते. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, भावजी.

ते पत्र मी मागितलं होतं, आठवतं का? चौथी झालेल्या बाईला एक पत्र वाचता येतं. तुम्ही म्हणालात, आईकडं हाय. सासूबाई म्हणाल्या, चुलीत गेलं.

दिवाळी आली आणि गेली. अशा लई दिवाळ्या गेल्या. माझी तिशी उलटल्यावर कुणीतरी बातमी आणली की थोरल्यांनी तिकडं दुसरा संसार केलाय, पोरं मोठी आहेत. मी सासूबाईंना म्हटलं, मग हे कुंकू कुणाच्या नावाचं? त्यांनी देवघराकडं बोट केलं. "खांडा घरात उभा हाय तोवर तू सवाशीण." झालं. दसऱ्याला गावातल्या बायका माझी ओटी भरायच्या आणि मी कोपऱ्यात उभ्या असलेल्या लोखंडाला हळदकुंकू वाहायची.

आणि तो नेम. खांड्याशी लग्न लागलेल्या बाईनं खांडा उचलायचा नाही. म्यानाला हळद लावायची, फुलं वाहायची, पण उचलायचा नाही. धन्याला बाई उचलत नाही म्हणे. त्यामुळं दर पंधरा दिवसांनी देवघर सारवायचं म्हटलं की मला तुम्हाला हाक मारावी लागायची. "भावजी, धनी उचला, सारवायचंय!" तुम्ही जिथं असाल तिथून यायचात, छापखान्यातून आलेले असाल तरी सायकल भिंतीला टेकवून आधी देवघरात यायचात, दोन्ही हात लावायचात आणि हुश्श करायचात. "लई जड हाय वहिनी."

मी म्हणायची, "जड असणारच. बसून खातोय."

हा आपला विनोद होता. लग्न होऊन मंदा घरात आली तेव्हा तिला वाटलं, आपण दोघंही वेडे आहोत. नंतर तीही हसायला लागली. घरात हसायला फार काही नव्हतं. तलवारीवर हसलो.

तुम्ही छावणीतल्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलात आणि हळूहळू स्वतःच लिहायला लागलात. लिहिलेलं पहिल्यांदा मला वाचून दाखवायचात. दुपारी मी बाजरी निवडायला बसले की समोर भिंतीला टेकून. पहिल्या भागात राजकन्या हेमकला तलवारीला माळ घालते आणि हसते, आणि तिच्या हसण्यानं सत्यजिव्हा उजळून निघते. मी सूप खाली ठेवलं.

"हसली कशी?"

"वहिनी, अद्भुत कथा हाय ती."

"अद्भुत असली म्हणून काय झालं? बाईला घाम येत नाय का?"

तुम्ही चिडलात. दोन दिवस वाचून दाखवलं नाहीत. पण पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात होतं, हेमकलेच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. त्या अकरा भागांत ती एक ओळ माझी आहे. कुणाला माहीत नाही, म्हणून इथं सांगून टाकते. पुढं सहाव्या भागात तुम्ही हेमकलेच्या बांगड्या फोडल्यात आणि चार पानांनी त्याच बांगड्या किणकिणल्या. तीही चूक मी पकडली. छापखान्यातून ओल्या शाईचे कागद तुम्ही मला आणून द्यायला लागलात. डोळे ओढायला लागले तेव्हा चष्मा तुम्हीच आणलात. मी चौथीवर थांबले नाही ते तुमच्यामुळं, हे मी नाकारत नाही. कुणी नाकारू नये म्हणून लिहूनच ठेवते. पण एवढ्यानं मागचं फिटत नाही.

चौथ्या भागाचं हस्तलिखित वाचताना तुम्ही त्या ओळीवर आलात. सत्यजिव्हा खोटं बोलणाऱ्याच्या हातात जड होते. वाचताना तुमचा आवाज बदलला. तुमच्या लक्षात आलं नसेल, मी बाजरी निवडणारी बाई, मला खड्याचा आवाज कळतो.

मी विचारलं, "भावजी, लग्नात तुमचा हात का खाली आला?"

"जड व्हती ना तलवार. अठरा वर्षांचं पोरगं मी."

"थोरले परत येणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक व्हतं का?"

"ताप व्हता त्यांना."

"आणि ते पत्र?"

तुम्ही वही मिटलीत. "तलवार जड का होते, हे शेवटच्या भागात येणार हाय, वहिनी. तेव्हा सगळं सांगतो."

पाचवा भाग शेवटचा होणार होता. मग सातवा. मग नववा. लोक म्हणतात, तुमची कल्पनाशक्ती आटतच नव्हती. मी म्हणते, एक वाक्य लिहायचं टाळायला माणसानं अकरा पुस्तकं लिहिली. राक्षस आणले, उडते डोंगर आणले, बोलणारं सरोवर आणलं. "मला माहीत होतं" एवढे तीन शब्द काही आणता आले नाहीत.

शहरात खोली घ्या, रोजची सायकल वाचेल, असं मंदा तुम्हाला वीस वर्षं सांगत होती. तुम्ही म्हणायचात, वहिनी एकटी पडेल. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी आजारी पडले तेव्हा डोक्याशी बसलात, ते आठवतं. माझ्या ताटात आधी वाढल्याशिवाय तुम्ही जेवत नव्हतात, तेही आठवतं. आता मला कळत नाही की ही माया होती की फेड. आणि विचारायचं कुणाला? माणसाला त्याची माया नक्की कशाची आहे हे तरी सांगता यावं.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही पडूनच होतात. मंदा औषध आणायला गेली होती. तुम्ही म्हणालात, "वहिनी, बारावा भाग..."

मी म्हटलं, "लिहू नका. नुसता सांगा. मी कुणाला सांगत नाय."

तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. मग म्हणालात, "जरा बरं वाटलं की सांगतो."

बरं वाटलं नाही.

रविवारी वाचनालयात तुमची शोकसभा होती. चिटणिसांनी निरोप पाठवला की सत्यजिव्हा ज्या तलवारीवरून सुचली ती घरात असल्याचं कळलंय, तर ती आणा, हार घालू आणि पुढं काचेच्या कपाटात कायमची ठेवू. रिक्षा सकाळीच दारात आली. मंदा म्हणाली, "गल्लीतून कुणाला तरी हाक मारते, तलवार उचलायला पुरुषमाणूस लागंल." आणि बाहेर गेली.

मी देवघरात उभी राहिले. आता धनी कोण उचलणार, हा विचार पहिल्यांदा आला. तुम्ही नाही, थोरले तर कधी नव्हतेच. मंदा परत आली तोवर मी पदर खोचला होता.

"अक्का, हात लावू नका! धनी हाय तो तुमचा."

"धनी असंल तर उठून उभा राहील. नाय राहिला तर मी उचलते."

मी पाय रोवले. तुम्ही करायचात तसे दोन्ही हात खाली घातले. पंचेचाळीस वर्षं तुमचं हुश्श ऐकलेलं, त्यामुळं दम धरून, सगळं अंग लावून उचलली. आणि मागं पडले, भावजी. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तशी. पाठ भिंतीला आपटली म्हणून वाचले.

मंदा धावली. "लई जड हाय ना?"

मी सरळ उभी राहिले. तलवार उजव्या हातात घेतली. एका हातात. मग डाव्या हातात घेतली. माझं वय साठ. मुसळ याच्या दुप्पट असेल, पाण्याची घागर किती पट असेल सांगता येत नाही. शेतात नांगर धरलेल्या अठरा वर्षांच्या पोराला हे वजन?

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या दसऱ्याला तुमच्या हाताला चहाची बशी धरवत नव्हती, मंदा बशी तोंडाला लावत होती. तरी मी हाक मारली तेव्हा तुम्ही उठून आलात, तलवार उचललीत आणि हुश्श केलंत. बशी धरवत नाही आणि तलवार उचलवते. मी समोर उभी होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हातात शेणाचं पोतेरं होतं, सारवायची घाई होती.

तलवार जड नव्हती, भावजी. कधीच नव्हती. मांडवात तुमचा हात खाली आला कारण तुम्हाला माहीत होतं की थोरले घर सोडून गेलेत आणि पलीकडं उभी असलेली पोर काहीच न कळता माळ घेऊन थांबलीय. मग वर्षानं आलेलं पत्रही आलेलं नव्हतं. ते तुम्ही आतल्या खोलीत बसून लिहिलंत, किंवा तो कागद कोराच होता आणि तुम्ही बघून बोलत गेलात. दिवाळीला येतो. वाट बघ. तुमची पहिली कथा तीच. तुमचे वाचक पहिला भाग म्हणतात त्याच्या आधीची. तिचा वाचक एकच होता, आणि त्यानं डोळे पुसले.

आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षं, दर पंधरा दिवसांनी, तुम्ही माझ्यासमोर वजनाचं सोंग करत राहिलात. मला हसवत राहिलात. मी हसत राहिले. नेम मी मोडला नाही म्हणून तुमचं साधलं. मी एकदा नुसती हलवून बघितली असती तर संपलं असतं. माझीही चूक आहे. घरानं सांगितलं उचलू नको, मी उचललं नाही. पोलिसांनी सांगितलेलं या घरानं ऐकलं नव्हतं, मी मात्र एका तलवारीचं ऐकलं.

गल्लीतून आणलेला माणूस दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, जा बाबा, काम झालं.

सभा मोठी झाली. खुर्च्या कमी पडल्या. तुम्हाला आवडलं असतं. कॉलेजातले एक सर म्हणाले, सत्यजिव्हा हे राष्ट्राचं प्रतीक आहे. दुसरे उठले, ते म्हणाले, ती माणसाची विवेकबुद्धी. तिसऱ्या एक बाई होत्या, चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या, ती स्त्रीशक्ती आहे. मी पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर नवं फडकं आणि त्यात तुमची स्त्रीशक्ती गुंडाळलेली. मंदानं माझा हात दाबला. "अक्का, आज काय बोलू नका. आजच्या दिवस."

मला बोलायला बोलावलंच. मुकुंदवाडीचे गृहस्थ मागून मोठ्यानं म्हणाले, "आज्जी, बारावा भाग!" लोक हसले. मी उठले. दोन पोरं तलवार धरायला पुढं आली, त्यांना बाजूला केलं आणि एका हातानं ती टेबलावर ठेवली.

काय काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं. पत्राचं, वडिलांचं, पाटाचं. समोर मंदा बसली होती, पदर तोंडाला लावून. नवरा जाऊन तिला पंधरा दिवस झालेले. तिनं कुणाचं काय केलं होतं? मी एवढंच म्हटलं, "बाराव्या भागात एक बाई ती तलवार उचलते आणि ती हलकी निघते. पुढं लिहायला तुमचे साहेब राहिले नाहीत."

टाळ्या वाजल्या. सर वहीत काहीतरी लिहून घ्यायला लागले. तिचंही ते प्रतीक करतील. करू द्या.

त्या दिवशी न बोललेलं इथं लिहिलंय. मंदाला आधी वाचून दाखवलं. तिनं देवघराच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "अक्का, मलाही ते म्हणायचे, लई जड हाय. मीही कधी उचलून बघितली नाय." छापू का, विचारलं, तर म्हणाली, "तुमचं हाय, तुम्ही ठरवा."

धनी घरातून गेला म्हणून बायकांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. कुंकू आहे. ते मी लग्नाच्या आधीपासून लावते, ते कुणी खांड्यावर घालून आणलेलं नाही.

तुम्ही जिवंतपणी खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार मी रोज करते. शिव्या घातल्या असत्या. तुमच्या वह्या चुलीजवळ नेल्या असत्या. महिनाभर ताट वाढलं नसतं, मंदानं वाढलं असतं. आणि मग एखाद्या दुपारी बाजरी घेऊन बसले असते आणि म्हटलं असतं, वाचा पुढं. हेमकलेचं काय झालं? तुम्हाला एवढंही वाटलं नाही माझ्याबद्दल, की ही बाई रागावेल आणि तरी राहील. अकरा भाग ऐकलेल्या बाईची एवढीच ओळख झाली तुम्हाला.

काल देवघर सारवायला घेतलं. शेण कालवलं, पदर खोचला आणि तोंडातून गेलंच, "भावजी, धनी उचला!" मंदा चुलीपाशी होती, ती तिथंच थांबली. कोपऱ्यात तलवारीच्या टोकानं पडलेला खड्डा तेवढा होता. तलवार नव्हती, तुम्ही नव्हता. दोघांनाही मोठ्यानं शिव्या दिल्या, खड्डा मातीनं बुजवला आणि सारवून घेतलं.